चोवीस इंची जिवती

बेंगळुरूच्या येलहंक्यातल्या आमच्या घरात हॉलच्या खिडकीखाली पूर्वी दिवाण होता. माझा अण्णा दुपारी त्यावर झोपायचा. आता तिथे प्रिंटर आहे आणि अण्णा आतल्या खोलीत झोपतो, म्हणजे झोपल्याचं दाखवतो, कारण प्रिंटर सुरू झाला की गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा झोप येत नाही.

प्रिंटर म्हटल्यावर टेबलावर मावणारं खोकं डोळ्यांसमोर आणू नका. हा स्वतःच्या पायांवर उभा असतो. चोवीस इंच रुंदीचा कागदाचा रोल पाठीमागून आत घेतो आणि पुढून घराचा अख्खा नकाशा बाहेर सोडतो. नकाशा संपला की आतली सुरी खर्रकन फिरते आणि कागद कापून खालच्या कापडी झोळीत पडतो. घरी येणारे इंजिनिअर त्याला प्लॉटर म्हणतात. अण्णा त्याला 'तुझा तो' म्हणतो. वैनी त्याला काहीच म्हणत नाही. ती नुसती बाजूला उभी राहून आवाज ऐकते आणि त्याचं काय दुखतंय ते तिला कळतं.

वैनी म्हणजे विमला, माझ्या अण्णाची, रघुनंदनची बायको. मी कस्तुरी, अण्णाची धाकटी बहीण. माझे यजमान गेले, मुलगा त्रिविक्रम जर्मनीला गेला, तेव्हापासून मी याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते. त्यामुळे वैनीबद्दल जे सांगते ते डोळ्यांदेखतचं आहे, ऐकीव नाही. आमची माणसं या मुलखात कितीतरी पिढ्यांपूर्वी आली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. घरातल्या मराठीतही कन्नड इतकं मुरलंय की पुण्याचा पाहुणा आला की पहिली दोन वाक्यं नुसता तोंडाकडे बघतो.

वैनीने सगळी नोकरी ड्राफ्टिंगची केली. जयनगरला एका इंजिनिअरचं ऑफिस होतं, तिथे ती येलहंक्याहून दोन बस बदलून जायची. सुरुवातीला ट्रेसिंगच्या कागदावर शाईच्या पेनाने रेघा ओढायच्या. मग कंप्युटर आले. बरोबरीच्या कितीजणांनी हात टेकले, हिने मात्र शिकून घेतलं. लोकांचे जिने, खांब, खांबातल्या सळ्या, पाण्याच्या टाक्या, सगळं काढून झालं आणि एक दिवस हार-नारळ देऊन ऑफिसने निरोप दिला. महिन्याभरात प्रिंटर घरी आला. चार माणसांनी तो पायऱ्या चढवून आणला आणि दिवाण अंगणात गेला.

"लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात," अण्णा म्हणाला.

"जा की तुम्ही. मी कुठं अडवलं?" वैनी म्हणाली.

अण्णा गेला नाही. प्रिंटरला मात्र काम मिळालं. येलहंक्यात घरं बांधणं काही थांबत नाही. इंजिनिअर पोरं फोनवर नकाशा पाठवतात आणि संध्याकाळी येऊन गुंडाळी घेऊन जातात. वैनीची शिस्त अशी की सकाळी देवापुढे दिवा लावला की लगेच प्रिंटरची तपासणी. या यंत्राला बसून चालत नाही. चार दिवस काम नाही मिळालं तर शाईची बारीक भोकं वाळून बंद होतात. म्हणून ती रोज एक पट्टी छापते, रंगांच्या बारीक रेघांची, आणि चष्मा कपाळावर चढवून बघते की कुठली रेघ तुटली आहे का. त्या पट्ट्या मग माझ्या कपाटात अंथरायला येतात. माझ्या डब्यांखाली इतके रंग आहेत की लग्नघर वाटावं.

इंजिनिअरांना ती दर वेळी एकच गोष्ट बजावते. "काळी शाई पक्की आहे. रंगीत शाईला पाणी लागू देऊ नका, साइटवर जपा." यात दोन जातीच्या शाया असतात हे मला तिच्याकडूनच कळलं. काळीत बारीक पूड असते, ती कागदावर बसली की बसली. रंगीत शाई पाण्यातच विरघळलेली असते, ती पुन्हा पाण्याला भेटली की त्याच्याबरोबर निघून जाते. हे तिला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि तरीही जे झालं ते झालं.

हर्षिता आमच्याकडे पहिल्यांदा आली ती तिच्या मारतहळ्ळीच्या नव्या फ्लॅटचा नकाशा छापून घ्यायला. मूळची पुण्याची, नवरा आशय इकडे कंप्युटरच्या कंपनीत, तीही तसल्याच दुसऱ्या कंपनीत. दारात उभी राहून इंग्रजीत बोलत होती. तेवढ्यात आतून अण्णा ओरडला, "अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?" आणि त्या मुलीचा चेहरा उजळला.

"अय्या, तुम्ही मराठी?"

"होय की," वैनी म्हणाली. "बस. कॉफी घेशील ना, स्वल्प?"

मग ती नकाशा घ्यायला आलेली मुलगी दोन तास बसली. जाताना म्हणाली, "काकू, इथे जिवतीचा कागद कुठे मिळतो हो? चिकपेटेच्या बाजारापर्यंत जाऊन आले. कुणाला कळतच नाही मी काय मागते."

जिवती म्हणजे लेकरांना राखणारी देवी. श्रावण लागला की पुण्याकडे तिचा छापील कागद भिंतीवर लावतात. खांबातून निघालेला नरसिंह, नागावर नाचणारा कृष्ण, मांडीवर आणि अवतीभवती मुलं घेऊन बसलेल्या जिवत्या, हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. दर शुक्रवारी आया जिवतीची पूजा करतात आणि मुलांना ओवाळतात. हर्षिताला तेव्हा मूल नव्हतं. पण सासूबाईंनी सांगितलं होतं, कागद तरी लाव, देवी घरात आली की तिच्यामागून बाळ येतं.

आमच्याकडे हा कागद नसतो. माझी आई देवघराच्या भिंतीवर गंधाने जिवती काढायची. वाहायचं ते कोरडं हळदीकुंकू आणि फुलं. पाण्याचा थेंब जवळ येऊ द्यायची नाही, गंध ओघळेल म्हणून. आई गेल्यावर आता वरच्या मजल्यावर मी काढते. आणि वैनी? वैनी त्या शुक्रवारी पुरण वाटायची. पूजा लेकुरवाळीने करायची अशी रीत. वैनीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेलं. त्यानंतर आईने तिला कधी वाईट बोलून दाखवलं नाही, हे खरं. पण पूजेला ये असंही कधी म्हणाली नाही. वैनी स्वयंपाकघरात राहायची आणि पूजा झाली की प्रसाद वाढायची.

तर हर्षिताने आपल्या फोनवरचा जुन्या कागदाचा फोटो दाखवला. वैनीने तो बराच वेळ बघितला आणि कन्नडमधून होकार दिला, "सरी. काढून देते."

तिने तो कागद कंप्युटरवर नव्याने काढला, आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. नरसिंहाचा खांब ओळंब्यात, अगदी सरळ. बुधाचा हत्ती बघून मला गच्चीवरची टाकी आठवली. कृष्णाचा नाग तर पाइपलाइनच. पण जिवत्या छान झाल्या होत्या, त्यांच्या पोरांसकट. सगळं काळ्या रेघांत. पुण्याचा कागद हातात मावणारा असतो, हिने चोवीस इंच रुंदीचा केला. का, तर रोल तेवढा आहे. हर्षिताने तिच्या मारतहळ्ळीच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि त्या श्रावणात आमच्या हॉलमधून नकाशांपेक्षा जिवत्या जास्त बाहेर पडल्या. बायका खूश होत्या, फक्त एकीने लिहिलं, "नरसिंह छान आहे पण महापालिकेची मंजुरी घेतल्यासारखा वाटतो. पुढच्या वर्षी रंगीत द्या ना काकू."

हे गेल्या वर्षीचं. यंदा वैनीने अख्खा आषाढ रंग भरण्यात घालवला. मी जिन्यावरून येता-जाता बघायची. बृहस्पतीचा वाघ एका दुपारी झाला. जिवतीच्या मांडीवरचं बाळ मात्र होईना. गुलाबी जास्त झाला, छापून बघितला, फेकला. मग पिवळसर वाटला, फेकला. गालावर थोडी लाली हवी म्हणून पुन्हा. कुठल्याही गोष्टीची चेष्टा केल्याशिवाय मला राहवत नाही, पण त्या बाळाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. तिचं काय चाललंय ते मला कळत होतं.

त्याच आषाढात हर्षिता बाळंत झाली. खरी तारीख अजून लांब होती, पण बाळ घाई करून आलं. मुलगी. इवलीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि आईला घरी पाठवलं. दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी जाऊन बघून यायचं. हर्षिताने हे सगळं वैनीला फोनवर सांगितलं आणि म्हणाली, "काकू, माझा कागद ठेवा हं. यंदा आई म्हणून माझी पहिली जिवती." आशय येऊन गुंडाळी घेऊन गेला.

बाळ गणपतीच्या आधी घरी आलं, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण श्रावणाच्या पहिल्या शुक्रवारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात बाळाचं वजन वाढायचं थांबलं होतं.

त्या शुक्रवारी सकाळी मी माझी पूजा आटोपून खाली आले होते. वैनीचा फोन वाजला. हर्षिता होती. आधी नुसतं रडणं. मग ती म्हणाली, "काकू, बाळाचा चेहरा गेला."

वैनी मटकन खुर्चीत बसली. मग हळूहळू कळलं की पेटीतल्या बाळाचा नव्हे, कागदावरच्या बाळाचा. हर्षिताने पूजा मांडली होती. पुण्याहून सासूबाई व्हिडिओवर एकेक सांगत होत्या. फुलाने पाणी शिंपड, ओलं गंध लाव, हळदीकुंकू लाव. तिने शिंपडलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत मांडीवरच्या बाळाचा गुलाबी रंग खाली ओघळला.

वैनीने फोन ठेवला. झोळीत उरलेला एक कागद काढला, त्यावर बोट ओलं करून टेकवलं आणि बोटाकडे बघत राहिली. बोट गुलाबी झालं होतं.

"शाई जाते हे मला ठाऊक होतं, कस्तुरी," ती म्हणाली. "पूजेला पाणी लागतं हे ठाऊक नव्हतं."

कसं ठाऊक असणार? आमच्या जिवतीला पाणी चालत नाही, आणि आमच्या जिवतीजवळ हिला कुणी बसवलं नाही. तिला शाईतलं सगळं कळत होतं, पूजेतलं कुणी कळू दिलं नव्हतं. मी हे बोलले नाही. ती वेळ नव्हती.

तिने आधी काय केलं असेल तर मारतहळ्ळीच्या सगळ्या बायकांना निरोप पाठवला. "रंग पाण्याने जातो. ओलं काही लावू नका, कोरडी पूजा करा. आधी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे." मी म्हटलं, "'चूक माझी' असं कशाला लिहितेस? गेल्या वर्षी काळाच होता, त्यांनीच रंगीत मागितला." तिने ऐकलं नाही. कंप्युटरवर बसली, गेल्या वर्षीची काळ्या रेघांची जिवती शोधली आणि प्रिंटरला दिली. खडखडाट सुरू झाला. अण्णा बाहेर आला, आमचे चेहरे बघितले आणि पहिल्यांदाच काही न बोलता आत गेला.

येलहंक्याहून मारतहळ्ळी म्हणजे गावाला जाण्यासारखंच आहे. आम्ही टॅक्सी केली. गुंडाळी वैनीने मांडीवर आडवी धरली होती. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर गाडी अडकली ती अडकलीच. वैनी खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली, "ती काही म्हणणार नाही. पोर चांगली आहे. पण तिच्या घरचं कुणीतरी म्हणेलच."

"काय म्हणेल?"

"वांझेच्या हातचा कागद."

इतक्या वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. घरात कुणीच उच्चारायचं नाही. मला वाटायचं की आम्ही तो उच्चारत नाही म्हणून तो नाहीच. मला इतका राग आला, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी ड्रायव्हरला म्हटलं, "अप्पा, गाडी काढा की!" तो बिचारा काय करणार? समोर अख्खं बेंगळुरू उभं होतं.

वैनी शाईला घाबरली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. खराब प्रिंट तिने हजार फेकले असतील. तिची भीती वेगळीच होती. पेटीतल्या त्या पोरीला काही झालं, तर आयुष्यभर कुणीतरी म्हणेल की विमलाच्या हातून तिचा चेहरा पुसला गेला. आणि ती स्वतःही म्हणेल, हे त्याहून वाईट.

हर्षिताने दार उघडलं. केस बांधलेले नव्हते, पण साडी नेसली होती, पूजेची. आशय हॉस्पिटलच्या कामाला गेला होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो कागद होता. मी जवळ गेले. नरसिंहाचा शेंदरी रंग पसरून नुसता डाग झाला होता, वाघाचा पिवळा रंग हत्तीवर गेला होता. आणि जिवतीच्या मांडीवर गुलाबी पाण्याचा ओघळ, खालपर्यंत. काळ्या रेघा मात्र जिथल्या तिथे. बाळाचा आकार होता, आत काही नव्हतं.

ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा केला होता. त्यात सासूबाई होत्या. पुण्याहून पूजा चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच, पण त्या सकाळपासून हाकत होत्या.

वैनी त्या कागदासमोर उभी राहिली. हात जोडले नाहीत. खराब निघालेल्या नकाशाकडे बघावं तशी वरपासून खालपर्यंत बघत गेली. मग हर्षिताकडे वळली.

"हर्षिता, ऐक. रंगाची शाई पाण्यात विरघळते. हे मला आधी सांगायला हवं होतं, मी नाही सांगितलं. एवढंच झालंय. तुझ्या हातून काही झालं नाही. तू रीतीप्रमाणे केलंस." तिने नवीन गुंडाळी उघडली. "हा काळा आहे. गेल्या वर्षीचा. हे बघ." आणि तिने ओट्यावरच्या वाटीतलं पाणी चमच्याने घेऊन जिवतीच्या मांडीवरच्या बाळावर सरळ ओतलं.

हर्षिता दचकली. पाणी कागदावरून खाली गेलं. रेघ हलली नाही. वैनीने पदराने कागद टिपला.

"आता हा लावू. तो काढते मी, घरी घेऊन जाते."

फोनमधून आवाज आला. "नमस्कार हं. मी हर्षिताची सासू." आवाज साखरेत घोळलेला होता. "तुम्ही इतक्या लांबून आलात, फार बरं वाटलं. एक विचारू का? राग मानू नका. आपली एक रीत असते म्हणून. तुम्हाला मुलं किती?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलंच होतं, आणि काय बाहेर पडणार होतं ते मी इथे लिहीत नाही. वैनीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नाहीत," ती म्हणाली. "दोनदा राहिलं. झालं नाही."

कुकरमध्ये भात होता, त्याची वाफ तेवढी फुसफुसत होती.

"नाही, नाही, तसं काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "ज्याचं त्याचं नशीब. पण हर्षिता, तू असं कर. दुसरा कागद लावूच नकोस आता. मी इथून कुरिअरने पाठवते. पुढच्या शुक्रवारी पूजा कर. आज राहू दे."

हर्षिता भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, आता ही मान डोलावणार. डोलावली असती तरी मी तिला दोष दिला नसता. पोर पेटीत असताना सासूशी वाद घालायचं बळ कुठून आणायचं? आणि अशा वेळी कुणीही अंगावर काटा आणणारं काही बोललं तरी आईला ते खरंच वाटतं.

वैनी गुंडाळी परत गुंडाळायला लागली. घाई नाही, रुसवा नाही. कडा जुळवून, जशी इंजिनिअर पोरांना देते तशी.

"आई," हर्षिता म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी नाही. मला आजच करायची आहे."

"अगं पण—"

"शाई गेली आहे, आई. बाकी काही गेलेलं नाही. मी नंतर फोन करते." तिने बोट टेकवलं आणि फोन पालथा घातला. मग वैनीच्या हातातली गुंडाळी घेतली आणि म्हणाली, "काकू, हा तिच्या शेजारीच लावू. ती काढायला नको. श्रावण संपेपर्यंत काढत नाहीत."

आम्ही तिघींनी मिळून नवा कागद जुन्याच्या शेजारी चिकटवला. वैनीला सवयीने तो ओळंब्यात हवा होता. ती मागे सरून म्हणाली, "डावी बाजू स्वल्प वर." मग "सरी." चोवीस इंच अधिक चोवीस इंच, भिंत भरून गेली. हर्षिताने ओलं गंध लावलं, पाणी शिंपडलं, हळदीकुंकू लावलं. काही ओघळलं नाही. आघाड्याची माळ घातली. पुरण नव्हतं, दूधसाखरेचा नैवेद्य दाखवला. वैनी सवयीप्रमाणे दाराकडे सरकून उभी होती. मी तिच्या कोपराला धरून तिला पुढे ओढलं. इतक्या वर्षांत हे कधीतरी करायला हवं होतं, पण झालं त्या दिवशी, आणि मी त्याचा गाजावाजा करत नाही.

मग ओवाळायची वेळ आली. ताटात दिवे लावलेले, आणि ओवाळायला मूल नाही. लेकरू घरात नसलं की आया हातात अक्षता घेतात आणि चारी दिशांना टाकतात, म्हणजे ते जिथे असेल तिथे पोचतात. मी त्रिविक्रमसाठी दरवर्षी टाकते. हर्षिताने मुठीत अक्षता घेतल्या. हात वर केला. आणि तो तसाच राहिला. तिला पुढे करवेना. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"काकू," ती वैनीला म्हणाली, "तुम्ही टाका."

वैनीने माझ्याकडे बघितलं. ती काय विचारते आहे ते मला कळलं. मी मान डोलावली. तिने दोन्ही हात पुढे केले, ओंजळ केली. हर्षिताने आपल्या मुठीतल्या अक्षता त्या ओंजळीत सोडल्या. पदरावर पाण्याचे डाग, बोटाला सकाळची गुलाबी शाई अजून लागलेली. अक्षतांचं काय करायचं हे तिने स्वयंपाकघराच्या दारातून कितीदा पाहिलं असेल. हातात पहिल्यांदा आल्या होत्या.

"हॉस्पिटल कुठल्या बाजूला?" तिने विचारलं.

हर्षिताने खिडकीकडे बोट केलं. रिंग रोडच्या पलीकडे, उंच इमारतींच्या मागे.

वैनी खिडकीजवळ गेली. डोळे बारीक करून तिने ती बाजू नीट बघून घेतली. मग चारी दिशांना टाकायच्या अक्षता सगळ्या तिने त्या एकाच बाजूला टाकल्या, ओंजळ रिकामी होईपर्यंत.

"चारी बाजूंना टाकायच्या असतात, वैनी," मी हळूच म्हटलं.

"कशाला?" ती म्हणाली. "बाळ तिकडे आहे ना."